अकरा टक्के कमी

इमारत क्रमांक सातमधल्या चोवीस स्वयंपाकघरांचे स्लॅब कागदोपत्री तीन वर्षांपूर्वीच दुरुस्त झाले होते. त्यामुळे ते पडायला आलेत असं म्हणणाऱ्या रहिवाशांबद्दल नगर निवारा मंडळात कुणाला राग नव्हता, दया होती. काही माणसांना स्वस्तात घर दिलं की वर छतही लागतं, असं कार्यकारी अभियंता स्वानंद टिपरे म्हणत. त्यांच्या स्वतःच्या केबिनचं फॉल्स सीलिंग दर मार्चमध्ये बदललं जाई.

जुईनगरच्या या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर संघमित्रा ओव्हाळ राहते. महापेच्या आयटी कंपन्यांत तिचे साठ डबे जातात आणि त्या साठ डब्यांवर तिचं घर चालतं. ज्या ओट्यावर ती ते डबे करते, त्याच्या वर तिने चार हुकांना नायलॉनची दोरी बांधून प्लायवूडची फळी टांगली होती. स्लॅबच्या खपल्या फळीवर पडत. रोज संध्याकाळी फळी उतरवायची, झाडायची, पुन्हा टांगायची. खपल्या आधी नखाएवढ्या होत्या, मग पापडाएवढ्या झाल्या, आणि दिवाळीनंतर एक सबंध विटेएवढा तुकडा पडून फळीलाच तडा गेला. पुढचा तुकडा फळी अडवणार नाही, हे कळायला माणूस अभियंता असावा लागत नाही. नसलेलाच बरा.

तिने सात अर्ज केले. प्रत्येक अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग झाला. संबंधित शाखेने तो वसाहत शाखेकडे वर्ग केला, वसाहत शाखेने मूळ शाखेकडे, आणि अर्ज इतके फिरले की त्यांना प्रवासभत्ता मंजूर करायला हरकत नव्हती. तीन वेळा पाहणीलाही माणसं आली. त्यांनी दारातूनच मोबाइलवर फोटो काढले. एकाच्या फोटोत फक्त बटाट्याची भाजी आली, तीही हललेली.

बरोबर खालच्या घरात, पहिल्या मजल्यावर, वैजयंती म्हात्रे राहतात. त्यांचंही छत तसंच, त्यांचीही फळी तशीच. अर्ज-बिर्ज करू नको, असं त्या संघमित्राला सांगत. "हाय तेवढा तरी राहू दे बाय. फोडायला येतीन, जोडायला कोन येनार नाय." वसाहतीत वीस वर्षं काढलेल्या बाईचं हे मत होतं, आणि मंडळाच्या कारभारावर याहून नेमका अहवाल आजवर कुणी लिहिलेला नाही.

तर जानेवारीत निविदा निघाली. स्लॅब दुरुस्तीची नव्हे. स्लॅब दुरुस्त झालेले होते. ही निविदा 'गळती प्रतिबंधक व अनुषंगिक कामे' यांची होती. स्वयंपाकघरं तीच, चोवीसच. फक्त पैसे वेगळ्या खात्यातून यायचे होते.

निविदेची मुख्य अट अशी की निविदाधारकाने याच वसाहतीत याच प्रकारचं काम याआधी समाधानकारकपणे केलेलं असावं. म्हणजे ज्याने काम केलं त्यालाच काम मिळणार, आणि ज्याला काम मिळालं त्यानेच केलेलं असणार. दुसरी अट मंडळाच्या नियमातली होती. पहिल्यांदा निविदा मागवल्या की किमान तीन आल्याच पाहिजेत, त्याशिवाय स्पर्धा झाली असं धरता येत नाही.

धनाजी काकडे हे नियमाने चालणारे ठेकेदार. ते तीन निविदा भरत. एक स्वतःची, एक पत्नी सौ. सुचिता यांच्या फर्मची, आणि एक पावणे एमआयडीसीतल्या बदरुद्दीन मुकादम यांची. तिघांच्या डिजिटल सह्या ज्या पेनड्राइव्हसारख्या काड्यांत असतात, त्या तिन्ही काड्या धनाजीशेठच्या ड्रॉवरमध्ये एकाच कंपासपेटीत सुखाने नांदत. तिघांमधली अटीतटीची स्पर्धा एकाच संगणकावर, एकाच खुर्चीत बसून, शेठचे बेचाळीस वर्षांचे साडू निशांत पार पाडत. याच प्रकारचं काम याआधी केल्याची प्रमाणपत्रंही तिघांकडे होती. तिन्हींवर टिपरेसाहेबांची सही होती. बदरुद्दीननी या वसाहतीत तोवर पाऊल ठेवलेलं नव्हतं, पण प्रमाणपत्रात त्यांचं काम 'उत्कृष्ट' होतं.

निविदा टक्केवारीची होती. मंडळाच्या अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त घेणार, एवढंच सांगायचं. अंदाजपत्रक धनाजीशेठच करून देत, साहेबांचा वेळ वाचावा म्हणून. यंदा असं ठरलं होतं: शेठ दोन टक्के कमी, सुचिताबाई सात टक्के जास्त, बदरुद्दीन अकरा टक्के जास्त. दराची एक एक्सेल फाइल असते, तिच्यात आकडा भरून शेजारच्या चौकटीत 'कमी' की 'जास्त' ते निवडायचं असतं. निशांतनी सुचिताबाईंची फाइल भरली. मग धनाजीशेठची भरली. तिसरी पुन्हा कोण भरत बसणार म्हणून त्यांनी धनाजीशेठचीच फाइल कॉपी केली, नाव बदललं, दोनच्या जागी अकरा घातले आणि जेवायला गेले. शेजारच्या चौकटीतला 'कमी' जिथे होता तिथेच राहिला.

तीन वेगळे ठेकेदार तीन वेगळ्या खुर्च्यांत बसले असते तर ही चूक झाली नसती. पण मग ती निविदाच झाली असती.

आर्थिक लिफाफा उघडला तेव्हा टिपऱ्यांनी पडद्यावरचा आकडा तीनदा वाचला. पावण्याचे बदरुद्दीन मुकादम, अंदाजपत्रकापेक्षा अकरा टक्के कमी, पहिला क्रमांक. संगणकाला लाज नसते. त्याने त्याच मिनिटाला बदरुद्दीनना तसा मेसेजही पाठवला.

बदरुद्दीन मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. तीस वर्षं ते पावण्याच्या कारखान्यांत गळक्या टाक्या, भेगा पडलेले कॉलम आणि गंजके स्लॅब दुरुस्त करत आलेत. चार वर्षांपूर्वी धनाजीशेठनी त्यांचं नाव मागून घेतलं, जसं शेजारी खलबत्ता मागून नेतात, आणि शेजारी जसा खलबत्ता परत करतात तसंच परत करायचं विसरले. बदल्यात कधीमधी प्लास्टरचं काम मिळे. मेसेज इंग्रजीत होता. बदरुद्दीनना वाटलं हा लॉटरीवाल्यांचा नवा डाव आहे, आणि त्यांनी मुलीला, शायमाला, बजावलं की कुठेही बोट लावू नको. शायमा वाशीत एका सीएकडे कामाला होती. तिने बोट लावलं, दोनदा वाचलं, आणि काम तुम्हाला लागलंय अब्बा, असं सांगितलं.

यावर बदरुद्दीननी जे केलं ते मंडळाच्या इतिहासात कुठल्याच निविदाधारकाने केलेलं नव्हतं. ते काम बघायला गेले.

संघमित्राने दार उघडलं तेव्हा दुपारचे डबे गेले होते आणि ती फळी झाडत होती. फोटोवाले असाल तर चपला काढायची गरज नाही, दारातूनच काढा, असं तिने सांगितलं. बदरुद्दीननी चपला काढल्या. पिशवीतून छोटी हातोडी काढली, स्टुलावर चढले आणि स्लॅबवर एक एक टकोरा देत ओट्यापासून खिडकीपर्यंत गेले. आवाज सगळीकडे बद्द होता, मडकं फुटकं निघावं तसा. स्लॅबला हात लावणारा माणूस संघमित्रा पहिल्यांदाच बघत होती. तिने विचारलं, तुम्ही मंडळाचे ना? नाही, असं ते म्हणाले, आणि मग तिचा थोडा विश्वास बसला.

खाली उतरून त्यांनी सांगितलं की हा पावसाळा निघणार नाही. "पन होईल ताई. कठीन नाय. सळी बदलायची, टेकू लावायचे, नवा माल भरायचा. तुमी पंधरा दिवस चूल दुसरीकडं मांडा."

पंधरा दिवस डबे बाहेरच्या खोलीत करता येतील, असं ती म्हणाली. वर्षभर फळीखाली उभं राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी धनाजीशेठ स्वतः पावण्याला गेले. जाताना पेढे नेले होते, ही काही चांगली खूण नव्हे. बदरुद्दीनच्या शेडमध्ये खुर्ची एकच होती, ती त्यांना दिली गेली. शेठनी समजावलं की मशीनची चूक झाली आहे, घाबरायचं काही कारण नाही, एक पत्र टाइप करून आणलंय, आर्थिक अडचणीमुळे काम करू शकत नाही असं, खाली सही करायची. अनामत रक्कम जप्त होईल, पण ती आपलीच आहे. तीन वर्षं काळ्या यादीत जाल, पण तुम्हाला कुठं यायचंय यादीत.

बदरुद्दीननी चष्मा लावून पत्र वाचलं आणि आपल्याला आर्थिक अडचण नाही असं सांगितलं. जागा बघून आलोय, हिशोब मांडलाय, अकरा टक्के कमीत चांगलं सुटतं.

"कसं सुटंल?" धनाजीशेठ म्हणाले. "अवो, मी दोन टक्के कमी भरताना मला रात्री झोप न्हाई."

"सळी धरली, सिमेंट धरला, मानसं धरली. टेकू माझेच हायत. तरी सुटतंय शेठ."

धनाजीशेठनी पेढ्याचा बॉक्स उघडून स्वतःच एक खाल्ला. मग अतिशय दुःखाने म्हणाले, "बदरुभाई, तुम्ही काम करायचं धरून हिशोब घातलाय."

पत्रावर सही झाली नाही. शेठ तडक टिपऱ्यांकडे गेले. बदरुद्दीनना तांत्रिक कारणावरून बाद करावं असं दोघांचं एकमत झालं. कारणही डोळ्यांसमोर होतं: या माणसाने वसाहतीत याआधी काम केलेलंच नाही. टिपऱ्यांनी फाइल मागवली, प्रमाणपत्राचं पान काढलं आणि खालची सही पाहिली. सही सुंदर होती. कॉलेजात असताना त्यांनी ती वहीभर गिरवून बसवली होती. बदरुद्दीन खोटे ठरले की सही खोटी ठरत होती, आणि ती खोटी ठरली की तसल्याच आणखी किती, हे मोजायला कुणीतरी बसलं असतं. एका संगणकावरून तीन निविदा आल्या, हे कारण तर त्याहून बळकट होतं. म्हणून त्याचा उच्चारही झाला नाही.

शेवटी साहेबांनी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यादेशावर सही केली आणि बदरुद्दीनना तोंडी सांगितलं की घाई करू नका, आधी रंगकामापासून घ्या. बदरुद्दीन हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी संघमित्राच्या स्वयंपाकघरात आठ टेकू उभे केले आणि स्लॅब फोडायला घेतला. सर्वांत वाईट जागा आधी घ्यायची, ही त्यांची पावण्याची सवय होती.

दुपारपर्यंत सळ्या उघड्या पडल्या. जाड सळ्यांच्या जागी गंजलेल्या सुया लोंबत होत्या. मंडळाच्या मोजमाप पुस्तिकेत याच जागी तीन वर्षांपूर्वी नवी सळी, गंजरोधक लेप आणि अमुक इतका जाड काँक्रीटचा थर भरल्याची नोंद होती, मोजमाप दशांशापर्यंत घेतलेलं. प्रत्यक्षात प्लास्टरच्या पातळ पापुद्र्यामागे थर्माकोल निघालं. मखराचं. त्याच्या एका बाजूला सोनेरी कागद चिकटलेला होता आणि अर्धी महिरप शाबूत होती. कुणाच्या तरी घरच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर उरलेला संसार धनाजीशेठच्या माणसांनी संघमित्राच्या डोक्यावर बसवून वरून चुना फासला होता.

बदरुद्दीननी तीस वर्षांत स्लॅबमध्ये पुष्कळ गोष्टी पाहिल्या होत्या. विड्यांची थोटकं, गोणपाट, एकदा एक चप्पल. त्यांनी महिरप काढून संघमित्राच्या हातात दिली. ती तिने धुऊन, पुसून मांडणीवर ठेवली.

त्याच संध्याकाळी मंडळाचा माणूस काम थांबवण्याचा आदेश घेऊन आला. कारण असं की धनाजीशेठच्या जुन्या कामाचा दोषदायित्व कालावधी पाच वर्षांचा होता. म्हणजे पाच वर्षांत त्या कामात दोष निघाला तर तो त्याच ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचा. तिथे दुसऱ्याने हात लावणं नियमबाह्य. नियम खरा होता. तीन वर्षं तो कुणाला आठवला नव्हता, कारण स्लॅब फोडल्याशिवाय दोष दिसत नाही, आणि दिसत नाही तो दोष मंडळात धरत नाहीत. आदेशात आणखी एक वाक्य होतं, जागा 'जैसे थे' ठेवावी. म्हणजे आठ टेकू, लोंबत्या सळ्या आणि वैजयंतीबाईंनी बजावलं होतं ते सगळं, तसंच्या तसं ठेवायचं.

वैजयंतीबाई वर येऊन बघून गेल्या. खाली जाऊन त्यांनी आपल्या फळीची दोरी घट्ट केली.

बाहेरच्या खोलीत चूल मांडलेली होती, पण छतातून पडणारी धूळ तिथवर येत होती. फोडलेल्या छताच्या शेजारी माणसांचं जेवण करायचं नाही, हे संघमित्राने त्या क्षणी ठरवलं. तिने डब्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की उद्यापासून डबा बंद, कारण सोबत जोडलं आहे. सोबत महिरपीचा फोटो, काम लागल्या लागल्या शायमाने माहितीच्या अधिकारात मागवलेलं मोजमाप पुस्तिकेचं पान आणि मंडळाच्या तक्रार संकेतस्थळाचा पत्ता.

धनाजीशेठ आणि टिपरे यांनी सगळ्यांचा विचार केला होता, महापेच्या साठ भुकेल्या आयटीवाल्यांचा केला नव्हता. या लोकांचा धंदाच तक्रारी उघडायचा आणि बंद करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, म्हणजे डब्याच्या वेळेला, मंडळाच्या संकेतस्थळावर पहिली तक्रार पडली. तीनपर्यंत दोनशे झाल्या. प्रत्येकीला क्रमांक, प्राधान्य आणि फोटो. 'निराकरण झाले' म्हणून बंद केलेली तक्रार दहा मिनिटांत पुन्हा उघडली जाई, पुराव्यानिशी. चौथ्या दिवशी वरच्या कार्यालयातून टिपऱ्यांना फोन आला. वरच्यांना स्लॅबचं काही नव्हतं. त्यांच्या तक्रारींच्या फलकावर जुईनगरचा चौकोन लाल दिसत होता, तो मार्चअखेर हिरवा व्हायला हवा होता.

साहेबांनी मार्ग काढला. बदरुद्दीनची निविदा 'प्रशासकीय कारणास्तव' रद्द. इमारत सातमध्ये जेवढा दोष उघड झाला आहे, तेवढा, म्हणजे एक स्वयंपाकघर, धनाजीशेठनी दोषदायित्वातून दुरुस्त करायचं. रहिवाशाचं समाधानपत्र एकतीस मार्चच्या आत फाइलला लागलं पाहिजे. लागलं नाही तर चौकोन लाल, आणि मग फाइल वर जाणार. उरलेल्या तेवीस घरांत दोष उघड झालेला नसल्याने ती सुस्थितीत धरण्यात आली.

धनाजीशेठ समाधानपत्र टाइप करूनच संघमित्राकडे गेले. मे. धनाजी काकडे यांनी स्लॅब दुरुस्ती उत्तम प्रकारे केली असून मी पूर्ण समाधानी आहे, असा मजकूर होता. सही आज द्या, काम उद्या सुरू करतो, आपण घरचीच माणसं, असं ते म्हणाले.

संघमित्राने त्यांना बसायला सांगितलं नाही. "माझ्याकडे डबा आधी जातो," ती म्हणाली. "पैसे महिना भरल्यावर. तुम्ही पण तसंच करा."

काम उद्यापासून सुरू करायचं म्हटल्यावर शेठसमोर एक वेगळीच अडचण उभी राहिली. त्यांच्या कंपनीत स्लॅब दुरुस्त करता येणारा एकही माणूस नव्हता. पंचवीस वर्षांच्या धंद्यात तशी वेळच आली नव्हती. ते पुन्हा पावण्याला गेले. या खेपेला पेढे नव्हते. बदरुद्दीननी मजुरी आगाऊ मागून घेतली, आपली डिजिटल सहीची काडी कंपासपेटीतून परत मागून घेतली, आणि तेच काम, तेच टेकू, आता दुसऱ्याच्या नावाने सुरू केलं. शायमाला हे आवडलं नाही. काम तुमचं आणि नाव त्याचं, असं ती म्हणाली. त्यावर त्यांचं म्हणणं असं की चार वर्षं नाव माझं आणि काम कुणाचंच नाही असं चाललं होतं, त्या मानाने ही प्रगती आहे.

नव्या सळ्या बसल्या. बारा मार्चला माल भरला. मग बदरुद्दीननी सांगितलं की आता पाणी मारायचं आणि टेकूंना हात लावायचा नाही.

"किती दिवस?" धनाजीशेठनी विचारलं.

"एकोनीस. एकतीसला सोडू."

शेठना वाटलं हे आपल्याला अडवायला चाललंय. काँक्रीटला पाणी का मारतात हे त्यांनी आडवळणाने दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. वीस तारखेला ते समाधानपत्र घेऊन आले, पंचविसाला आले, अठ्ठाविसाला टिपऱ्यांना घेऊन आले. साहेबांनी संघमित्राला शासकीय कामकाजाचं स्वरूप समजावलं. सही ही औपचारिकता असते, प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध नसतो, हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की ती क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं बोलत होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

एकतीस मार्चला दुपारी दोन वाजता सगळे जमले. टिपरे, शिक्का, शाईचं पॅड, धनाजीशेठ. बदरुद्दीननी सात टेकू एकेक करून काढले. आठवा, मधला, राहिला. मंडळी बाहेरच्या खोलीत उभी होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे कुणी पाऊल टाकत नव्हतं.

संघमित्राने पेन हातात घेतलं आणि टिपऱ्यांना आत बोलावलं.

"मी इथून बघतो की," साहेब म्हणाले.

"तुमचं काम आहे साहेब. तुमच्या माणसाने केलंय, तुम्ही पास केलंय. ओट्यापाशी उभे राहा. मी रोज तिथेच उभी असते."

साहेबांनी धनाजीशेठकडे पाहिलं. शेठ मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत तातडीचं वाचू लागले. घड्याळात सव्वादोन झाले होते आणि कार्यालय पाचला बंद होणार होतं. टिपरे आत गेले. ओट्यापाशी उभे राहिले. सबंध कारकिर्दीत आपण पास केलेल्या कामाखाली ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांची मान खांद्यांत शिरली, हातातली फाइल आपोआप डोक्याजवळ गेली, आणि कपाळावर जो घाम आला त्याची नोंद कुठल्याही मोजमाप पुस्तिकेत सापडणार नाही.

तेवढ्यात त्यांच्या तोंडून एक प्रश्न निघून गेला. तो त्यांनी धनाजीशेठना विचारला नाही. "मुकादम," ते हळूच म्हणाले, "नीट केलंय ना?"

बदरुद्दीन खाली वाकले. खालची पाचर ठोकून सैल केली आणि टेकू काढून घेतला.

काही झालं नाही. स्लॅब जिथे होता तिथेच राहिला. बदरुद्दीननी स्टुलावर चढून टकोरे दिले, ओट्यापासून खिडकीपर्यंत. आवाज घट्ट होता. संघमित्राने टिपऱ्यांना आणखी दोन मिनिटं तसंच उभं ठेवलं, उगीच, आणि मग सही केली. मे. धनाजी काकडे यांनी काम उत्तम केलं असल्याचं तिने लिहून दिलं. ते वाचताना तिला लाज वाटली नाही. लाज वाटायची वेळ तिची नव्हती. साहेब जिन्याने जवळजवळ पळत उतरले. साडेचारला चौकोन हिरवा झाला.

बदरुद्दीन सामान बांधत होते आणि संघमित्रा ओटा धूत होती, तेव्हा वैजयंतीबाई वर आल्या. त्यांनी आत येऊन छताकडे पाहिलं, बराच वेळ. स्टुलावर चढून नुसता हात लावूनही पाहिला. मग दोन-तीन गोष्टी विचारल्या. धनाजीने फक्त हीच एक खोली का केली? कारण हीच फोडलेली होती, असं बदरुद्दीननी सांगितलं. न फोडलेल्या सुस्थितीत आहेत. मग फोडलेली दिसली की त्याला करावीच लागते का? पाच वर्षं व्हायची आहेत तोवर करावी लागते, अजून दीड-पावणेदोन वर्षं आहेत. आणि फोडायला परवानगी लागते का कुणाची? यावर बदरुद्दीननी थोडा विचार केला. पडलेल्या स्लॅबला परवानगी लागत नाही, असं ते शेवटी म्हणाले. आपोआप पडतो तो.

वैजयंतीबाईंनी मान डोलावली. पदर खोचला. सामानातली मोठी छिन्नी आणि हातोडा त्यांनी आधी उचलला आणि मग विचारलं, "ही आजच्या दिस ठेवता काय मुकादम? उद्या देते."

बदरुद्दीन संघमित्राकडे बघू लागले. वैजयंतीबाईंचं छत म्हणजे तिची जमीन होती.

"आधी टेकू लावायला सांग त्यांना," संघमित्रा वैजयंतीबाईंना म्हणाली. "आणि माझ्या ओट्याखालचं शेवटी फोड. सकाळी साठ डबे आहेत."